सरळ आत, सरळ बाहेर

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लव्हॉन हाउगेन वाळवंटात दिसली, की समजायचं हिवाळा आला. बाई शहात्तर वर्षांची, उंचीला जेमतेम पाच फूट, डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी आणि हातात काठी. पिकअप आणि तिच्यामागचा चोवीस फुटी ट्रेलर रस्त्याच्या कडेला उभा करून ती पायीच आत शिरायची आणि दोन-दोन तास हिंडत राहायची. कुठं वाकून माती चिमटीत घ्यायची, कुठं काठीनं अंतर मोजायची, कुठं नुसतीच डोळे बारीक करून उभी राहायची. दुसऱ्या दिवशी तिकडं उत्तरेला, बर्फाच्या नॉर्थ डकोटातल्या पाच-सहा बिऱ्हाडांना फोन जायचा, "जागा मिळाली. या." आणि ती बिऱ्हाडं, म्हणजे सत्तरी ओलांडलेले शेतकरी नि त्यांच्या बायका, आपापली चाकांवरची घरं ओढत निमूट तिच्यामागं यायची. तिथंच का, असं कुणी कधी विचारलं नाही.

विचारलं असतं तरी उत्तर तयार होतं. ट्रेलरची फ्रिजची बाजू उत्तरेला हवी, म्हणजे फ्रिज तापत नाही. दार दक्षिणेला, म्हणजे दुपारभर पायरीवर ऊन. ओढ्याच्या कोरड्या पात्रात बिऱ्हाड कधी टाकू नये, कारण पाऊस पडतो डोंगरात आणि पाणी येतं तुमच्या अंथरुणात. झुडपं दाट असतील तिथं उंदीर, आणि उंदीर म्हणजे गाडीच्या वायरींचा सत्यानाश. ऐकणारे माना डोलवायचे. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी खरं कारण यात कुठंच नव्हतं. खरं कारण असं, की लव्हॉनला ट्रेलर मागं घेता येत नव्हता.

हसू नका. ट्रेलर जोडलेली गाडी मागं घेणं हे मुलखाचं उरफाटं काम आहे. स्टिअरिंग डावीकडं फिरवावं तर मागचं घर उजवीकडं निघतं, आणि घाबरून उजवीकडं फिरवावं तर गाडी नि घर एकमेकांना चिमट्यात धरतात. तिचा नवरा नॉरिस जन्मभर धान्याचे ट्रक चालवलेला माणूस, त्याला हे काम डाव्या हाताचं. लव्हॉनचं काम मागं उभं राहायचं. ती डाव्या आरशात दिसेल अशी उभी राहायची आणि हातानं सांगायची, इकडं, आणखी, हळू, आणि दोन्ही मुठी वर म्हणजे थांब. कॅम्पमध्ये नवीन जोडपं आलं की बाकीचे खुर्च्या मांडून बसतात, कारण गाडी लावताना नवरा-बायको भांडले नाहीत असं सहसा होत नाही. पण नॉरिस आणि लव्हॉन आले की खुर्च्या मांडण्यात अर्थ नसायचा. एक शब्द न बोलता दोन मिनिटांत घर जागेवर.

अकरा वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये नॉरिस गेला. त्या नोव्हेंबरात मुलगा नको-नको म्हणत असताना लव्हॉन एकटीच निघाली. पंधराशे मैल सरळ हाकत आली, काही अडलं नाही. अडलं ते इथं पोचल्यावर, भाड्यानं ट्रेलर लावायच्या एका पार्कमधल्या अरुंद जागेपाशी. तिनं गाडी पुढं घेतली, रिव्हर्स टाकला, डाव्या आरशात बघितलं आणि आरशात कुणीच नव्हतं. नवरा मेलाय हे तिला सात महिने माहीत होतं. पण तिचा पाय ब्रेकवर पडला नाही तो पडलाच नाही, आणि ट्रेलरचा मागचा कोपरा सावलीसाठी बांधलेल्या मांडवाच्या खांबावर जाऊन बसला. तीन पुरुष धावत आले.

"सरका ताई, द्या इकडं चावी."

त्यातल्या एकानं दोन मिनिटांत घर लावून दिलं, हात पँटला पुसले आणि वर म्हणाला, "बघितलंत? काही अवघड नसतं यात."

त्या माणसाचं काही चुकलं होतं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच लव्हॉननं तो पार्क सोडला आणि मोकळ्या वाळवंटात गेली. तिथं तिला कळलं, की जागा नीट हेरली तर माणसाला आयुष्यात पुन्हा रिव्हर्स टाकायची गरज नाही. सरळ आत, सरळ बाहेर. त्यासाठी एक दिवस आधी यायचं, पायी हिंडायचं, वळण काठीनं मोजायचं. हे हिंडणं लोकांनी बघितलं आणि त्यांना वाटलं, बाईला जागेतलं कळतं.

एकदा तर कहर झाला. एका कच्च्या रस्त्यानं ती आत गेली आणि रस्ताच संपला. पुढं दरड, मागं यायची सोय नाही. बाई तिथं बारा दिवस राहिली. रोज सकाळी दगड उचलून बाजूला टाकायची, फावड्यानं झुडपं खणायची, आणि बाराव्या दिवशी पुरता गोल करून वळून बाहेर आली. लोकांना म्हणाली, "काय सूर्यास्त दिसतात म्हणून सांगू तिथून!" पुढच्या वर्षी सगळा कंपू तिथंच. ती मोकळी केलेली गोल जागा बघून मायलो झाखर म्हणाला, "शेकोटीभोवती बसायला काय बैठक केलीय हिनं!" लव्हॉन गप्प बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हा मायलो आणि त्याची बायको आर्डिथ म्हणजे लव्हॉनची घरची माणसं. शेतं शेजारी, पोरं एका शाळेत, आणि नॉरिसच्या मागं रोज सकाळची कॉफी आर्डिथच्या पायरीवर. मायलो शब्द कमी खर्च करणारा, आर्डिथ त्याच्या वाटचेही खर्च करणारी. मग एका वसंतात मायलोची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास मशिनला जोडून रक्त धुऊन घ्यायचं. मुलीनं बिस्मार्कमध्ये इस्पितळाजवळ खोली बघून ठेवली. खोलीची खिडकी गाड्या लावायच्या आवारावर, आणि आवारात ऑक्टोबरपासूनच बर्फ.

मायलो म्हणाला, "सत्तर वर्षं बर्फ उपसला. आता बर्फाकडं बघत मरायचं नाही मला. जानेवारीत शर्टाच्या बाह्या दुमडून उन्हात बसायचंय." आणि वर, "लव्हॉन बघेल की जागा."

वाळवंटालगतच्या युमा गावात डायलिसिसचं, म्हणजे रक्त धुण्याचं, केंद्र होतं. आर्डिथनं फोन करून सांगितलं, "त्या केंद्राच्या जवळपास बघ गं. लांबचं त्याला झेपायचं नाही."

लव्हॉननं मनापासून शोधलं, हे तिच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. आणि तिला जागा मिळालीही. केंद्रापासून दहा मिनिटांवर इबारा बाईंचा जुना पार्क होता. शेवटच्या ओळीत दोन जागा रिकाम्या, लगतच्या. सकाळी आठपासून ऊन, वायव्येला झाडांची भिंत, पुढं पाण्याचा पाट आणि त्यापलीकडं लेट्यूसचं हिरवंगार शेत. उंदरांचं नाव नाही. लव्हॉन त्या जागेवर अर्धा तास उभी होती. पण ओळीच्या मागं भिंत होती. गाडी पुढं नेऊन, मागं घेऊनच लावायला हवी होती.

"नवरा आणतोय का ट्रेलर?" इबारा बाईंनी विचारलं.

"नाही. मीच."

"मग लावा की. धरून ठेवू का दोन्ही?"

"बघते," लव्हॉन म्हणाली आणि पिकअपमध्ये जाऊन बसली.

संध्याकाळी तिनं आर्डिथला फोन केला. "गावातलं काही खरं नाही गं. एक पार्क बघितला, पण समोर लेट्यूसचं शेत. पहाटे चारला मजुरांच्या बसगाड्या, फवारणीचा वास, आणि डोक्यावरून विमानं. मायलोला झोप लागायची नाही. आपली नेहमीची जागा बरी. तासाभराचा तर रस्ता."

बसगाड्या खऱ्या, वास खरा, विमानंही खरी. खोटं बोलायला बहुतेक वेळा खऱ्याच गोष्टी लागतात. आर्डिथ म्हणाली, "तू म्हणशील तसं. तुला कळतं त्यातलं." फोन ठेवल्यावर लव्हॉनला जेवण गेलं नाही.

तर मायलो आणि आर्डिथ वाळवंटात आले. मंगळवार, गुरुवार, शनिवार. अंधारात साडेचारला निघायचं, जाताना मायलो गाडी चालवायचा, येताना त्याला मानही धरवायची नाही म्हणून आर्डिथ. तासाचा म्हटलेला रस्ता, पण ट्रकांच्या रांगेत सव्वा-दीड तास व्हायचा. आल्यावर तो आडवा व्हायचा तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, आणि उठून जरा उन्हात बसतो न बसतो तोच पुन्हा जायची वेळ. लव्हॉन बटाट्याचं, पिठाचे गोळे घातलेलं सूप घेऊन जायची, दाराशी ठेवायची. आर्डिथ म्हणायची, "अगं, बस की." लव्हॉन म्हणायची, "नको, झोपू दे त्याला." एकदा खिडकीतून तिला मायलो दिसला. अंगात शर्ट होता, पण वर दोन ब्लँकेटं होती.

सांगायला हवं होतं तिनं तेव्हाच. रोज सकाळी ती ठरवायची आणि रोज संध्याकाळी तिला काहीतरी कारण सापडायचं. भल्या बाईला भित्रेपण नसतं असं थोडंच आहे, तीही माणूसच.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी परत येताना मायलो गाडीत बेशुद्ध पडला. रक्तदाब उतरला. आर्डिथनं पिकअप रस्त्याकडेला घेतली, सीट मागं पाडली आणि त्याचे पाय स्वतःच्या खांद्यावर घेऊन अर्धा तास उभी राहिली. फोनला रेंज नाही, शेजारून ट्रक असे जायचे की गाडी हलायची. अर्ध्या तासानं मायलोनं डोळे उघडले आणि विचारलं, "पोचलो का?"

दुपारी लव्हॉन गेली तेव्हा आर्डिथ भांडी खोक्यात भरत होती.

"शनिवारचं मशीन झालं की निघणार आम्ही," ती मागं न बघता म्हणाली. "वाटेतल्या केंद्रांना मुलीनं फोन केलेत. बास झाला वाळवंट. तुझ्यावर राग नाही गं. तू शोधलंस तेवढं पुष्कळ."

हे शेवटचं वाक्य नसतं, तर लव्हॉन कदाचित त्या दिवशीही गप्प बसली असती.

"आर्डिथ, जागा होती."

"कसली जागा?"

"गावात. केंद्रापासून दहा मिनिटांवर. चांगली होती. फार चांगली होती. मी तुला खोटंनाटं सांगितलं."

आर्डिथच्या हातात पातेलं होतं. ते तसंच राहिलं. "का?"

"तिथं ट्रेलर मागं घेऊन लावावा लागतो. मला येत नाही मागं घ्यायला. नॉरिस गेल्यापासून एकदाही घेतलेला नाही. अकरा वर्षं मी तुम्हाला जिथं-जिथं नेलं ना, ते ऊन-वारा बघून नव्हे. मला वळता येईल का, एवढंच बघून."

लव्हॉनची कल्पना अशी, की आर्डिथ हसेल. अकरा वर्षांची थट्टा होईल आणि सुटू आपण. आर्डिथ हसली नाही. तिनं पातेलं खाली ठेवलं.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे हा माणूस त्या गाडीत ओकत येतोय. आज मी त्याचे पाय खांद्यावर घेऊन उभी होते, लव्हॉन. मला वाटलं, गेला. आणि मी तुझे आभार मानत होते! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ते ऐकलं होतं. पण स्वतःला नाचता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या आजारी नवऱ्याला अंगणाबाहेर ठेवणारी तूच बघितली!"

"हो."

"हो काय? मला सांगता आलं नसतं? मी लावला असता की तुझा ट्रेलर! बीटचे ट्रक मागं घेतलेत मी, पोटात पोर असताना!"

"तेच तर नको होतं," लव्हॉन म्हणाली. "कुणीतरी म्हणणार, सरक, मी लावते."

तेवढ्यात मायलो बोलला, आतल्या पलंगावरून, डोळे मिटूनच.

"समोर काय आहे म्हणालीस?"

"लेट्यूसचं शेत," लव्हॉन म्हणाली. "पाट आहे. सकाळी मजूर येतात, कापतात, तिथंच खोकी भरतात."

मायलोनं डोळे उघडले. "डिसेंबरात? उभं पीक?"

"डिसेंबरात."

"आणि हे तू वाईट म्हणून सांगितलंस?" पन्नास पिकं काढलेला तो शेतकरी तिच्याकडं असा बघायला लागला, की लव्हॉनला आर्डिथचं ओरडणं परवडलं. ती तिथंच पायरीवर बसून रडली, आणि कुणी तिला उगी केलं नाही.

थोड्या वेळानं आर्डिथ दारात आली. "फोन कर त्या बाईला. दोन्ही जागा आहेत का विचार."

"दोन्ही?"

"तूही येणार. माफी-बिफी नकोय मला. मला शनिवारची पाळी हवीय. मंगळवार, गुरुवार मी नेईन, शनिवारी तू."

जागा होत्या. शुक्रवारी दुपारी दोघी आपापले ट्रेलर घेऊन इबारा बाईंच्या पार्कात शिरल्या. आर्डिथनं गाडी पुढं घेतली, मान वळवली आणि एका दमात घर जागेवर बसवलं. मग लव्हॉनची पाळी. तोवर शेवटच्या ओळीत खुर्च्या मांडल्या गेल्या होत्याच. म्हातारी एकटी बाई आणि चोवीस फुटी ट्रेलर म्हटल्यावर कुणाला घरात बसवेल?

पहिल्या खेपेला ट्रेलर भलतीकडं गेला. दुसऱ्या खेपेला गाडी नि घर चिमट्यात आले. तिसऱ्या खेपेला इबारा बाईंची कण्हेरीची कुंडी फुटली. ड्वेन नावाचे एक गृहस्थ खुर्चीतून उठले आणि खिडकीशी आले. माणूस भला, आवाज गोड.

"सरका ताई. दोन मिनिटांचं काम आहे."

लव्हॉनचा हात चावीवर गेलाही होता. तेवढ्यात मागून आर्डिथ ओरडली, "ओ दादा! तुमचं काही हरवलंय का तिथं? खुर्चीत बसा जाऊन. ती लावतेय."

"अहो, मदत म्हणून..."

"मदत करावीशी वाटते तर ती कुंडी उचला."

ड्वेननं कुंडी उचलली. आर्डिथ ट्रेलरच्या मागं गेली आणि डाव्या बाजूला उभी राहिली. लव्हॉननं आरशात बघितलं. आरशात आर्डिथ होती. चेहऱ्यावर राग जसाच्या तसा, ओठ घट्ट मिटलेले, आणि हात वर. इकडं, असं त्या हातानं सांगितलं. लव्हॉननं गाडी इंचभर मागं घेतली. आणखी. हळू. लव्हॉनला आरसाच दिसेनासा झाला, तिनं बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा आरशात बघितलं. आर्डिथ तिथंच होती. चाळीस मिनिटं लागली. शेवटी दोन्ही मुठी वर गेल्या आणि लव्हॉननं ब्रेक दाबला.

आर्डिथ खिडकीशी आली. "वाकडा लागलाय."

"चालेल ना?"

"नाही चालणार. पुढं घे. पुन्हा."

दुसऱ्या दिवशीच्या शनिवारी लव्हॉननं मायलोला केंद्रावर नेलं आणि परत आणलं. परतीला अकरा मिनिटं लागली. मायलो स्वतःच्या पायांनी उतरला, खुर्चीत बसला, बाह्या दुमडल्या आणि पाटाचं पाणी चुकीच्या बाजूनं सोडतात म्हणून अर्धा तास कुरकुरला. पुढं मजुरांच्या मुकादमाशी त्याची दोस्ती झाली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण लेट्यूस हातात धरून बरंच बोलायचे. मार्चअखेरपर्यंत तो तसा बसला. आर्डिथनं मात्र त्या दिवसापासून लव्हॉनला जागेबद्दल एक शब्द विचारला नाही. कंपूतल्या बाकीच्यांना तिनं काही सांगितलंही नाही.

ऑगस्टमध्ये मायलो गेला, बिस्मार्कमध्ये, बर्फ पडायच्या आत. लव्हॉन अंत्ययात्रेला उभी राहिली, सूप केलं, भांडी घासली. दोघी फारशा बोलल्या नाहीत. ऑक्टोबरच्या शेवटी आर्डिथचा फोन आला.

"या वर्षी जातेयस का?"

"तू?"

"मी जातेय. एकटी."

लव्हॉननं दोन महिने मनात ठेवलेलं बोलून टाकलं. "आर्डिथ, तो त्याचा शेवटचा हिवाळा होता. त्यातले तीन आठवडे मी..."

"हो," आर्डिथ म्हणाली. "एकवीस दिवस. मोजलेत मी. ते मी तुला कधीच सोडणार नाही, लव्हॉन. मरेपर्यंत नाही."

"नको सोडूस."



"इबारा बाईंशी बोललेय मी," मग आर्डिथ म्हणाली. "त्याच दोन जागा घेतल्यात. मी गुरुवारी पोचते, तू शुक्रवारी ये. उजेड असताना ये, मी मागं उभी राहीन."